ठोकायचं न्हाय, दाबायचं

मामा कुठल्याही वस्तूला हात घालण्याआधी तिच्यावर तळवा ठेवायचे. पितळेचा पत्रा असो, अडकलेलं कुलूप असो, नाहीतर शेजारचं तापानं फणफणलेलं पोर असो. उजवा तळवा पसरून ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचे, आणि समोरचा घाई करायला लागला की म्हणायचं, "दमानं, मास्तर, दमानं." समोर मास्तर असलाच पाहिजे असं नाही. चौकीतल्या हवालदारालाही ते मास्तरच म्हणायचे. मी खराखुरा मास्तर, त्यातून स्वभावानं उतावळा, त्यामुळं माझ्या वाट्याला हे वाक्य जरा जास्तच आलं.

तुळजापुरात देवीचे टाक करणारी जी चार-दोन घरं होती, त्यातलं एक मामांचं, आमच्याच गल्लीत. नात्यानं नव्हे, अख्ख्या गल्लीचेच ते मामा. टाक म्हणजे देवघरात पुजायला पत्र्यावर उठवलेली देवीची मूर्त, तळहातावर मावेल एवढी. शिशाच्या जाड लादीवर पत्रा ठेवायचा, त्याच्यावर पोलादी ठसा धरायचा आणि वरून हातोडा. ठण! देवी उमटली. मामांच्या आजोबांनी हेच केलं, वडिलांनी हेच केलं, आणि चाळीस वर्षं तेच करून मामांचे दोन्ही कान गेले. सासरहून आलेल्या पोरी लांबूनच ओरडायच्या, "मामा, बरं हाय का?" मामा ओठ बघून मान हलवायचे. स्वतः मात्र इतकं हळू बोलायचे की ऐकणाऱ्याला आपलेच कान कोरून घ्यावेसे वाटावेत.

मी हायस्कुलात गणित शिकवायचो आणि घरी गिटार वाजवायचो. हसू नका. सोलापूरच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याची बोटं थरथरायला लागली, तेव्हा त्यानं आपली गिटार मला दिली होती, आणि चार सूर दाखवलेही होते. बाकीचं मी आपलं आपण शिकलो. माझे वडील, अण्णा, देवळातले पुजारी. त्यांच्या लेखी वाद्यं दोनच, संबळ आणि चौघडा. गिटारला ते खोकं म्हणायचे. "खोकं बडवून झालं असंल तर जेवायला ये," ही त्यांची रोजची हाक.

त्या वर्षी उन्हाळा असा तापला की छपराच्या पत्र्याखाली ठेवलेल्या गिटारीचं लाकूड वाळलं आणि मानेवरचे पडदे वर आले. पडदे म्हणजे पितळेच्या बारीक आडव्या पट्ट्या. लाकडात चिरा पाडून त्या घट्ट बसवलेल्या असतात, आणि तारेवर बोट दाबलं की तार त्यांच्यावर टेकते. माझे पहिले आठ पडदे उचलले गेले होते. कुठंही बोट ठेवा, तार माशीसारखी गुणगुणायची. मी पावसाळाभर तसंच चालवून घेतलं. नाहीतरी ऐकणारं कोण होतं?

आणि भाद्रपदात, वद्य सप्तमीला, पुण्याच्या रेडिओचं पत्र आलं. उन्हाळ्याआधी अर्ज धाडला होता, त्याचं. वादनाच्या परीक्षेला या. तारीख नवरात्रातली, तिसऱ्या माळेची.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. "एकदा जाऊन ये," ते म्हणाले. "पास झालास तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नापास झालास तर ते खोकं विहिरीत टाकायचं आणि सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घ्यायच्या. कबूल?" मी कबूल म्हणालो. अण्णा शब्दाचे पक्के होते, आणि विहीर परसातच होती.

आधी मी एका लोहाराकडं गेलो. त्यानं गिटार उलटी केली, सुलटी केली आणि घण उचलला. मी तिथनं जो निघालो तो थेट मामांच्या दारात.

इथं एक गोष्ट तुम्हाला सांगायला पाहिजे. अष्टमीपासून अमावास्येपर्यंत आमची देवी निजते. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, ती घटस्थापनेला पहाटे पुन्हा बसवतात. तेवढ्या दिवसांत गावात बाकी सगळं चालू असतं, लोहार ठोकतात, पोरं बोंबलतात. पण मामांचा स्वतःचा नेम असा की देवी निजली की हातोडा उचलायचा नाही. "आपल्याला काय कळतंय आवाज किती झाला त्ये?" ते म्हणायचे. "आई दचकून उठली मंजी?" आणि घट बसले की यात्रेची गर्दी, मग मामांना मान वर करायला फुरसत नाही. म्हणजे पडदे ठोकून बसवायला माझ्याकडं हेच आठ दिवस, आणि याच आठ दिवसांत ठोकायचं बंद.

मामांनी गिटारीच्या मानेवर तळवा ठेवला. मी बोलायला लागलो तर दुसऱ्या हातानं मला थांबवलं. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाले, "ह्ये ठोकायचं न्हाय, मास्तर. ह्ये दाबायचं."

आणि कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं एक बिडाचं काळं धूड पडलं होतं, आणि त्याच्यावर मामींची लोणच्याची बरणी. सोलापूरच्या जुन्या बाजारातून मामांनी ते दोन वर्षांपूर्वी भंगारात आणलं होतं. मोटारीच्या कारखान्यातलं हातानं दाबायचं प्रेस. वरून खाली येणारी दात्यांची उभी पट्टी आणि बाजूला लांब दांडा. दांडा ओढला की पट्टी सावकाश खाली येते आणि खाली जे असेल ते मुकाट दाबते. आवाज म्हणून नाही.

"दोन वर्सं ह्येच्यावर लोनचं ठिवलंय म्या," मामी बरणी उचलत म्हणाल्या. "ह्ये काय काम करतंय का?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो तर मामांनी माझ्या हातात पाटी दिली. कारण ओठांवरून त्यांना साधंसुधंच कळायचं, कामाचं बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि आता ओरडणंही बंद. मी मराठीत लिहिलं. मामा एकेक अक्षर चाचपडायला लागले. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, चौथीपर्यंत. उर्दू फर्डं वाचायचे, मराठीशी त्यांचं नवीनच जमत होतं. माझंही शिक्षण पोलीस ॲक्शनपर्यंत उर्दूतच झालेलं. मग काय, देवीच्या निजेचे ते आठ दिवस पुजाऱ्याचा पोरगा आणि टाक करणारा मामा पाटीवर उर्दूतून बोलत होते. माझं अक्षर बघून मामा म्हणाले, "मास्तर, तुमच्या हातावर छडी पडली न्हाय वाटतं."

अण्णांच्या कानावर गेलंच. ते दारात येऊन उभे राहिले. "पितरांच्या पक्षात कुणी नवं यंत्र मांडतं का?"

मामांनी ओठ वाचले. "यंत्र जुनं हाय की, अण्णा. भंगारातलं."

"आणि हे खोकं?"

"त्ये बी जुनंच."

"मग तुम्ही चालवलंय काय नवं?"

"काई न्हाय," मामा म्हणाले. अण्णा आल्या पावली परत गेले.

मामांचं काम बघण्यासारखं होतं. आधी लिंबाच्या लाकडाचा एक साचा कोरला, गिटारीची मान मागून त्यात अलगद निजेल असा. मग पडदा दाबायला पितळेचा ठोकळा. मान वरून किंचित गोलसर असते, ठोकळ्याचं तोंड बरोबर तेवढंच गोल पाहिजे. मामींनी कणीक भिजवली होती, तिचा गोळा घेऊन मामांनी मानेवर दाबला, वळण उतरवून घेतलं आणि पितळ घासायला बसले. कानस चालवायची तीही गोणपाटाखाली. दर पाच मिनिटांनी थांबून दारात बसलेल्या मामींकडं बघायचे. बाहेर आवाज जात असला तर मामी एक बोट वर करायच्या, नसला तर मान हलवायच्या. लग्नाला तीस वर्षं झालेल्या त्या दोघांचा बहुतेक संसार असाच चालायचा. शेवटी मानेवरून काढून घेतलेल्या पडद्यांच्या खालच्या धारेला प्रेसखालीच बारीक पंचानं दाते पाडले, म्हणजे ते लाकडात धरून राहतील.

सगळं झालं, आणि मामांनी प्रेस मांडलं ते गोधड्यांच्या चळतीवर.

मी पाटीवर लिहिलं, 'हे कशाला?'

"लोखंड हाय. वाजलं बिजलं तर?" मामा म्हणाले.

मी गणिताचा मास्तर. मऊ बुडावर जोर सरळ लागत नाही, हे मला कळायला नको होतं का? पण नाही कळलं. मी गिटारीचं खोड, म्हणजे खालचं पोकळ अंग, धरलं, मामांनी पहिला पडदा चिरेवर ठेवला, तळव्यानं चाचपला आणि दांडा ओढला. गोधडी एका बाजूला दबली, प्रेस कललं, पडदा तिरपा घुसला आणि मानेची एक ढलपी, नखाएवढी, उडाली.

माझं डोकंच फिरलं. ओरडायचं नाही एवढं भान होतं, म्हणून हळूच बोललो. पण बोललो ते असं, "बहिऱ्या माणसाकडं वाद्य घेऊन आलो, मीच गाढव."

मामा खाली वाकून ढलपी शोधत होते. त्यांनी माझे ओठ बघितले नाहीत. दारातल्या मामींनी मात्र ऐकलं. त्या उठल्या आणि आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुम्हाला सांगितलं.

मामांना ढलपी सापडली. ती त्यांनी तळव्यावर घेतली. मग म्हणाले, "आईच्या झोपेला जपाय गेलो आन् लेकराला लागलं बगा." त्यांनी ढलपी कागदात गुंडाळून ठेवली. "चूक माझी हाय, मास्तर. उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेलो तर चुलीवर लोखंडी कढई, आणि कढईत चांदीसारखं काहीतरी लवलवत होतं. मी नेहमीच्या जागेकडं बघितलं. टाक ठोकायची शिशाची लादी तिथं नव्हती.

ती लादी आजोबांची. तीन पिढ्यांनी तिच्यावर देवी उठवली होती. खड्डे पडून पडून तिचं तोंड मधमाश्यांच्या पोळ्यासारखं झालं होतं, आणि दर दसऱ्याला मामी तिला हळद-कुंकू वाहायच्या. मी पाटीवर लिहिलं, 'लादी का वितळवली?'

"शिसं वाजत न्हाय," मामा म्हणाले. "आन् हलत बी न्हाय."

मोठ्या घमेल्यात त्यांनी प्रेस उभं केलं, ओळंबा लावून सरळ केलं आणि सांडशीनं कढई धरून पायाभोवती शिसं ओतलं. धूर झाला. शिसं पांढुरकं होत गोठलं. दिवेलागणीपर्यंत ते थंड झालं, तेव्हा मामांनी प्रेसवर तळवा ठेवून अंगाची सगळी ताकद लावून ढकललं. ढिम्म हललं नाही. मग ते हसले. मी मामींकडं बघितलं. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तिकडची गोधडी द्या, मास्तर. आता साच्यात घालायची हाय. हितं नीट बसंल ती." एक तुकडा फाडून त्यांनीच साच्याला आतून लावला, गिटारीच्या मानेला ओरखडा येऊ नये म्हणून.

ढलपी सरसानं चिकटवून दोन दिवस वाळवली. पडदे बसवायला उजाडली ती थेट अमावास्याच. सर्वपित्री. घरी पानं वाढून झालेली, कावळा खोळंबलेला, आणि मी मामांच्या पडवीत गिटारीचं खोड धरून. एका माणसाला ते झेपत नव्हतं. मान साच्यात सरळ पाहिजे आणि खोडही उचललेलं पाहिजे. तेवढ्यात अण्णा आले, सोवळ्यात, डोळ्यांत अंगार.

"वर पितर वाट बघत बसलेत आणि तू इथं..."

"अण्णा, दमानं," मामा म्हणाले, दांड्यावर हात ठेवून. "जरा ह्ये धरा."

अण्णांना कुणी असं काही सांगत नसे. बहुधा त्यामुळंच त्यांनी धरलं. ज्याला दहा वर्षं खोकं म्हटलं ते त्यांनी दोन्ही हातांत घेतलं, तान्ह्या पोराला घ्यावं तसं, जरा भीतभीतच. मामांनी दांडा ओढला. पट्टी खाली आली, पितळेचा ठोकळा पडद्यावर टेकला, आणि पडदा लाकडात गेला. कसलाही आवाज झाला नाही. अण्णा वाकून बघत राहिले. "गेला की रे!" ते एकदम म्हणाले. मामींनी दारातून बोट वर केलं आणि अण्णांनी जीभ चावली.

दुसरा गेला, तिसरा गेला. प्रत्येक पडद्यावर मामा तळवा फिरवायचे आणि मगच पुढं जायचे. आठवा बसल्यावर त्यांनी नवव्याला नख लावलं. "ह्यो बी बगू का?"

मी घाईघाईनं पाटीवर लिहिलं, 'तो मूळचाच पक्का आहे. उशीर होतोय.'

मामांनी ते वाचलं, एकदा नवव्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "दमानं, मास्तर," एवढंच म्हणाले, आणि साच्यातून मान मोकळी केली. त्या दिवशी आमच्याकडं पितर दुपार कलल्यावर जेवले.

तिसऱ्या माळेला मी पुण्यात वाजवलं. जोगव्याचीच एक चाल घेतली होती. काचेपलीकडच्या माणसांची तोंडं काही बोलत नव्हती. पण तार कुठंही गुणगुणली नाही, स्वच्छ बोलली. दिवाळीनंतर पत्र आलं, पास. मार्गशीर्षात कार्यक्रमाची तारीखही आली. अण्णांनी शब्द पाळला, पुन्हा तोंड उघडलं नाही. फक्त जेवायच्या हाकेत 'खोकं' जाऊन 'ते' आलं.

मी मामांकडं पेढे घेऊन गेलो. म्हणालो, म्हणजे ओरडून म्हणालो, देवी आता जागी होती, "मामा, स्टँडजवळच्या हॉटेलात रेडिओ आहे. माझा कार्यक्रम लागेल तेव्हा तिथं जाऊन बसा."

"हाटेलात बसायची सवय न्हाय, मास्तर," मामा म्हणाले, "तुमी जावा. समदं नीट हुईल." आणि पेढा मामींकडं देऊन पत्रा कापायला लागले.

मला वाईट वाटलं. एवढी लादी वितळवली या माणसानं, आणि तिचं काय झालं हे त्याला कधीच कळणार नाही. ऐकू येत नाही, तर निदान गर्दीत बसून लोकांची तोंडं तरी बघायची. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. कार्यक्रम झाला, पुढं आणखी झाले. मामांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही, मीही कधी काढलं नाही. त्यांनी नवी लादी ओतली आणि पुन्हा ठण ठण सुरू झालं. लहान टाक मात्र ते प्रेसवर दाबायचे. देवीच्या निजेच्या दिवसांतही त्यांचं काम आता थोडंफार चालायचं.

पुढं माझी बदली येरमाळ्याला झाली. तिथं असताना एका थंडीत निरोप आला की मामा गेले. मी पहिल्या मोटारीनं आलो, तरी उशीरच झाला. पडवीत प्रेस होतं, शिशात घट्ट रोवलेलं, आणि त्याच्यावर पुन्हा लोणच्याची बरणी.

मामींनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. पडदे दाबायचा तो पितळी ठोकळा. "ह्यो तुमचा," त्या म्हणाल्या. "त्येंनी बाजूला ठिवला हुता."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मामी, मामांनी माझं वाजवणं एकदा तरी..."

"आवं, आलो हुतो की आमी!" मामी म्हणाल्या. "हाटेलात बायामानसं जात न्हायत, म्हनून म्या भाईर हुबी ऱ्हायले. ह्ये आत जाऊन रेडूच्या खोक्याला हात लावून हुबे. तुमचं नाव घेटलं तवा म्या बोट वर क्येलं. संपूस्तवर हात काडला न्हाय. लोकं हसालते, पर ह्येंचं ध्यान हाय कुटं."

"मग मला कधी बोलले कसे नाहीत?"

मामींनी पदर सावरला. "घरी येऊन मला म्हनले, आठीच्या आठ बसल्यात. नववा हलतोय, पर मास्तरला सांगू नगंस. लई खुशीत हाय त्यो."

येरमाळ्याला परत आलो तो गिटार काढूनच बसलो. इतकी वर्षं मी तीच वाजवत होतो, पुण्यातल्या मोठमोठ्या कानांनी ती ऐकली होती, कुणी काही म्हणालं नव्हतं. नवव्या पडद्याखाली नख घातलं. एका टोकाला, केसाएवढा, हलत होता.

अजून हलतो. पितळी ठोकळा माझ्याजवळ आहे, आणि ठोकून देणारे पुष्कळ भेटतात. मी तो पडदा तसाच ठेवला आहे.